बटणावरचं तांबडं

म्हातारीने कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. सत्य लपवू पाहणाऱ्या तमाम मंडळींना, म्हणजे मंत्र्यांना, उपवर मुलीच्या मामांना आणि ऑडिटच्या आदल्या दिवशी कपाटाची किल्ली हरवून बसणाऱ्या हेडक्लार्कांना ही म्हण ऐकवायची पद्धत आहे. तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. तांबडं फुटणं हे कोंबड्याच्या, म्हातारीच्या किंवा आणखी कोणाच्या अखत्यारीतलं काम नाही. ते खातं वरचं. आपण फार तर घोंगडी डोक्यावर ओढून पडून राहावं.

ही म्हण ज्या कोणी केली त्याने अंड्यांची पोल्ट्री पाहिलेली नव्हती. तिथे तांबडं पहाटे ४ वाजता फुटतं. मे महिन्यात ४ वाजता आणि डिसेंबरच्या कडाक्यातही ४ वाजता. बटण दाबलं की फुटतं, आणि हल्ली बटण दाबायलाही कोणी उठत नाही. भिंतीवर टायमर बसवलेला असतो. कोंबडं झाकावं म्हटलं तर ती सोय नाही, कारण कोंबडंच नसतं. सगळ्या माद्या. अंडं घालण्यासाठी कोंबडीला कोंबड्याची गरज लागत नाही, ही माहिती मी एकदा जेवणाच्या सुट्टीत दिली, तेव्हा आमच्या शाखेतल्या कित्येक कर्त्या पुरुषांचे चेहरे पडले होते.

हा दिव्यांचा खटाटोप कशासाठी? तर कोंबडी हा अत्यंत हिशेबी पक्षी आहे. मी स्वतः बी.कॉम. असल्यामुळे तिच्याविषयी मला व्यावसायिक आदर वाटतो. दिवस लहान होऊ लागला की ती मनाशी ताळेबंद मांडते. पुढे थंडी आहे, किडे-दाणे कमी आहेत, आत्ता पिल्लं काढली तर जगायची नाहीत. तेव्हा नवीन उत्पादन बंद, जुनी पिसं टाकायची, नवी आणायची आणि तब्येतीकडे बघायचं. कुठलाही शहाणा व्यापारी मंदीत दुकानाला रंग काढून घेतो, तसंच हे.

अंडी भरपूर मिळायला दिवस निदान १४ तासांचा लागतो. व्यवसायात १६ तास धरतात. आता आपल्या महाराष्ट्रात २१ डिसेंबरचा दिवस भरतो सुमारे ११ तासांचा आणि जूनमधला मोठ्यात मोठा दिवस १३ तासांच्या जरासा वर जातो. म्हणजे काटेकोर बोलायचं तर आपल्याकडच्या कोंबडीच्या दृष्टीने बारा महिने थोडाफार हिवाळाच असतो. म्हणून आपल्या पोल्ट्रीत वर्षभर दिवे लावावे लागतात. पण खरा हिवाळा युरोप-अमेरिकेतला. लंडनला २१ डिसेंबरचा दिवस जेमतेम ८ तासांचा. विजेचे दिवे खुराड्यात पोचण्यापूर्वी तिकडे हिवाळ्यात ताजं अंडं ही चैन होती. बायका वसंतातली स्वस्त अंडी चुन्याच्या पाण्यात किंवा सोडियम सिलिकेटच्या द्रावणात बुडवून ठेवायच्या आणि हिवाळाभर पुरवून पुरवून काढायच्या. आपली लोणच्याची बरणी, तशी त्यांची अंड्यांची बरणी.

कोंबडीला दिवस कळतो कसा, हीही गंमतच आहे. कॅनडातल्या एडमंटन इथे विल्यम रोअन नावाच्या प्राध्यापकांनी भर हिवाळ्यात, शून्याखालच्या थंडीत, उघड्यावरच्या पिंजऱ्यांत जंको जातीचे छोटे पक्षी ठेवले आणि रोज संध्याकाळी विजेच्या दिव्याने त्यांचा दिवस थोडा थोडा वाढवत नेला. बाहेर बर्फ पडत होतं आणि आत पक्ष्यांच्या अंगात वसंत संचारला. १९२५ साली त्यांनी ही हकिगत 'नेचर'मध्ये छापली. थंडीचा संबंध फारसा नाही, हिशेब उजेडाचा आहे, हे त्यातून कळलं. पुढे १९३०च्या दशकात फ्रान्समधल्या झाक बेन्वा यांनी दाखवलं की डोळे काढलेल्या बदकावरही उजेडाचा तोच परिणाम होतो. उजेड कवटीतून थेट मेंदूपर्यंत झिरपतो, मेंदू खालच्या ग्रंथीला मेमो पाठवतो, ग्रंथी अंडाशयाला पाठवते आणि काम सुरू होतं. कोंबडी जग डोळ्यांनी बघते. दिवस मात्र ती डोक्याने मोजते. यासाठी मोठा झगमगाट लागत नाही. पेपर वाचता येईल एवढा उजेड पुरतो.

एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यामुळे काल सकाळी सातला अंडं दिलेली कोंबडी आज आठला देते, उद्या साडेआठला. असं करता करता दुपार होते आणि मग ती एक दिवस सरळ दांडी मारते. दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी वेळेवर हजर. रोज थोडं थोडं उशिरा येऊन शेवटी किरकोळ रजा टाकणारे आमच्याकडेही आहेत. फरक एवढाच की कोंबडी मस्टरवर सही करत नाही.

इथवर सगळं मौजेचं आहे. पण मला या प्रकरणात एक नैतिक प्रश्न दिसतो आणि तो दिसल्यापासून ऑम्लेट पूर्वीइतकं निर्विकारपणे पोटात जात नाही. प्रश्न असा: जी कोंबडी 'आता थांबावं' असं ठरवून बसली आहे, तिला 'बाई, वसंत आला' असं खोटंच सांगून कामाला लावणं हे बरं आहे का?

या विषयात आपल्याकडे पूर्वापार दाखले आहेत. श्रीकृष्णाने सूर्य झाकला, जयद्रथ फसून बाहेर आला, मग 'हा सूर्य आणि हा जयद्रथ' झालं. उजेडाच्या बाबतीत केलेली आपल्याकडची ही सर्वांत गाजलेली फसवणूक; पण कारण धर्माचं होतं, म्हणून त्याबद्दल कोणी श्रीकृष्णाकडे खुलासा मागितला नाही. पोल्ट्रीवाला नेमकं उलट करतो. नसलेला सूर्य दाखवतो. बारकाईने पाहिलं तर तो श्रीकृष्णापेक्षा धर्मराजाला जवळचा आहे. बल्ब कोंबडीला मोठ्याने सांगतो, 'उजाडलं'. आणि पुढचे 'नऊ वॅटचं' हे शब्द पुटपुटतो. नरो वा कुंजरो वा.

आता फसवणूक आपल्यालाही नवी नाही. भिशीत बुडालेले, दामदुप्पट योजनेत गेलेले लोक आमच्या काउंटरवर नेहमी येतात. पण त्यांना निदान शंका घेण्याची सोय होती. बायकोने सांगितलं होतं, मेहुण्याने बजावलं होतं. कोंबडीला ती सोय नाही. उजेडावरचा विश्वास तिच्या कवटीतच बसवून दिलेला आहे. ज्याला शंकाच घेता येत नाही, त्याला फसवणाऱ्याची जबाबदारी मला वाटतं दुप्पट होते. आणि जबाबदारी म्हणजे पुढचा हिशेब नीट ठेवणं.

तो हिशेब मी शक्य तितका प्रामाणिकपणे मांडून पाहिला. पुष्कळ लोक म्हणतात की कोंबडीच्या पोटात ठरावीक अंडी असतात, दिवे लावले की ती लवकर संपतात. हे खरं नाही. तिच्या अंडाशयात हजारो बीजं असतात. ती सगळी संपवायला तिला अनेक जन्म घ्यावे लागतील. तेव्हा शिल्लक संपत नाही. झिजतं ते दुसरंच. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं. ते खाद्यातून येतं आणि कमी पडलं तर तिच्या हाडांतून येतं. तिची रानातली पूर्वज वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालायची. आजची लेयर कोंबडी ३०० च्या वर घालते. आपण रोज एका खात्यातून काढतो आणि भरणा वेळेवर केला नाही तर ती दुसऱ्या खात्यातून काढून देते, आणि ते दुसरं खातं म्हणजे तिचे पाय. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची हाडं ठिसूळ होण्याची तक्रार जगभर आहे. पिंजऱ्यात एकेकीच्या वाट्याला साधारणपणे आपल्या ए-फोर कागदाहूनही कमी जागा येते, तेव्हा खरं पाहता या सगळ्या कारभारात दिवा हा सर्वांत सौम्य कलम आहे. तरी मी दिव्यापाशीच अडतो, कारण दिव्याने तिचा थांबण्याचा निर्णय फिरवलेला असतो.

हा सगळा विचार मला टेबलावर बसून सुचला असं समजू नका. आमचे कृषी अधिकारी कर्जदारांच्या तपासणीला जातात तेव्हा अधूनमधून मला मोटारसायकलवर मागे घेतात. अशाच एका डिसेंबरात आम्ही एका तात्यांच्या पोल्ट्रीवर पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. बाहेर मिट्ट काळोख, उसाच्या बाजूने थंडी अंगावर येत होती, आणि शेडमध्ये लग्नघर असावं तसा उजेड. पाच हजार कोंबड्या एका सुरात बोलत होत्या. आमच्या शाखेत पेन्शनच्या दिवशी असतो तसाच आवाज. अधिकारी ट्रे मोजत होते, मी वहीत आकडे टिपत होतो. टिपता टिपता तात्यांना विचारलं, "तात्या, थंडीत त्यांना जरा सुट्टी द्यावी असं वाटत नाही का हो?"

तात्यांनी मफलर सैल केला. म्हणाले, "वाटतं की. पण साहेब, तुमचा हप्ता असतो पाच तारखेला. तुमी ल्या की पत्र, की तात्या, कोंबड्या दमल्यात, थंडी सरल्यावर हप्ता भरा. मी आत्ता बटण बंद करतो."

बँकेत मला कोणी साहेब म्हणत नाही, त्यामुळे पहिला अर्धा मिनिट मी त्या शब्दातच रमलो होतो. मग वाक्याचा उरलेला भाग ध्यानात आला. कृषी अधिकाऱ्यांनी एकदम ट्रे पुन्हा मोजायला घेतले.

तात्यांनी पुढचं गणितही सांगितलं. थंडीत गिऱ्हाईक वाढतं, कारण अंडं उष्ण म्हणून लोक हिवाळ्यात खातात. म्हणजे कोंबडीला ज्या दिवसांत थांबायचं असतं, नेमकं त्याच दिवसांत आपल्याला अंडं हवं असतं. १९८२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोजचा भाव जाहीर करते; तो भाव बघून तात्या दिवसाचा नफा-तोटा काढतात. मका महागला तर कोंबडीला सांगता येत नाही. सोयाबीन पेंड महागली तर गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. दिवा एकदा वाढवला की अंडी चालू असेपर्यंत कमी करता येत नाही; चार-आठ दिवस वीज गेली तर कोंबड्या पिसं टाकायला लागतात. "त्यांना फसवतो म्हणता, पण हितं मीच बांधलेलो हाये," तात्या म्हणाले. दीड-दोन वर्षांनी अंडी कमी झाली की त्याच कोंबड्या ट्रकमध्ये बसून चिकनच्या दुकानाकडे जातात. कोंबडीला पेन्शन नाही. नव्या नोकरभरतीतल्या माणसाने त्याबद्दल फार हळहळू नये.

निघताना घराच्या मागल्या बाजूला चार-पाच गावठी कोंबड्या जांभळीच्या फांदीवर अंग फुगवून बसलेल्या दिसल्या. तिथे दिवा नव्हता. मी विचारलं, "ह्या अंडी देतात का?"

"आत्ता नाय देत. पिसं टाकल्यात. संक्रांतीनंतर बघू."

"मग ह्यांना दिवा का नाही लावला?"

"ह्या कर्जात नाहीत ना," तात्या म्हणाले.

नीतिशास्त्रावरची जाड पुस्तकं मी वाचलेली नाहीत. कॉमर्सला तो विषय नव्हता. पण त्या तीन-चार शब्दांत मला माझ्या प्रश्नाचा पत्ता लागला. मी इतके दिवस विचार करत होतो तो तात्यांच्या अंगठ्याचा. बटणावर त्यांचा अंगठा होता खरा; पण त्याच्यावर आमच्या बँकेचा अंगठा होता, त्याच्यावर बाजारभावाचा, आणि सगळ्यांत वर सकाळी पाव घेऊन 'जरा दोन अंडी द्या' म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांचा. इतके अंगठे एका बटणावर असले की ते कोणीच दाबलं नाही असं प्रत्येकाला वाटू शकतं. आमच्याकडे संयुक्त खात्याच्या चेकवर दोघांच्या सह्या लागतात. पैसे बुडाले की दोघंही म्हणतात, सही त्याची होती. पाप संयुक्त खात्यात ठेवलं की त्यावर व्याज कोणी भरत नाही, हे मी माझ्या नोकरीच्या अनुभवावरून सांगू शकतो.

घरी येऊन हे सगळं मी आईला सांगितलं. आई अंडं खात नाही. आमच्या घरी अंड्याचा तवा वेगळा, चमचा वेगळा, आणि ते होत असताना ती देवघराचं दार लोटून घेते. पण चौकशीला सोवळं आड येत नाही. सगळं ऐकून घेऊन तिने एकच विचारलं, "मग रात्री झोपू देतात ना तिला?"

देतात. ८ वाजता टायमर बंद होतो तो पहाटे ४ पर्यंत. आम्ही निघायच्या बेतात असतानाच ८ वाजले होते. कट्कन आवाज झाला आणि त्या पाच हजारांचं बोलणं हळूहळू उतरत गेलं, आणि मिनिटभरात इतकी शांतता झाली की उसातला वारा ऐकू आला. १६ तास उजेड म्हणजे ८ तास अंधार, आणि तो अंधार पोल्ट्रीवाला काटेकोर पाळतो. दयेपोटी नव्हे. अंड्याचं कवच मुख्यतः रात्रीच्या वेळी भरत जातं आणि अंधार मिळाला नाही तर कोंबडीचं घड्याळच बिघडतं, म्हणून पाळतो. तरी पाळतो.

"आठ तास?" आई म्हणाली. "मग तुझ्यापेक्षा बरी आहे की."

यावर हसायला हवं होतं, पण आईच्या बोलण्यात नेहमी एक खडा असतो. आमच्या शाखेला खिडक्या आहेत, पण त्यांना आतून जाहिराती चिकटवल्या आहेत. सकाळी आत जाताना दिवस असतो, बाहेर पडताना रात्र असते, आणि मध्ये काय झालं ते ट्यूबलाइटला माहीत. ३१ मार्चला तर आमच्याकडे रात्रच होत नाही. समोरच्या इमारतीत एक मुलगा परदेशी कंपनीसाठी काम करतो. त्याचं तांबडं अमेरिकेत फुटतं. बारावीच्या पोरांच्या खोल्यांतले दिवे दोन-दोन वाजेपर्यंत जळतात आणि आईबाप दाराच्या फटीतून ती उजेडाची रेघ बघून समाधानाने झोपतात. आपल्याही शरीरात दिवस-रात्र मोजणारं घड्याळ आहे. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या घड्याळाला आपण रोज रात्री मोबाइलचा उजेड दाखवून सांगतो, अजून उजाडलेलंच आहे. कोंबडीला निदान तात्या फसवतात. आपला कारभार स्वावलंबी आहे.

आता याचा निकाल काय लावायचा? दिवे बंद करा, असं म्हणणं सोपं आहे. पण अंडं हे गरिबाघरच्या पोराला परवडणारं चांगलं प्रथिन आहे, आणि ते फक्त उन्हाळ्यात मिळावं असं त्या पोराला मी सांगू शकत नाही. तात्यांच्या घरातली चूलही त्या बल्बवर पेटते. तेव्हा बटण दाबायला माझी हरकत नाही. माझं म्हणणं एवढंच की ते दोन्ही बाजूंना दाबता येतं, हे दाबणाऱ्याच्या लक्षात असावं. ज्याला आपण आपल्या सोयीसाठी जागं ठेवतो, त्याचा अंधार ही आपल्याकडची अनामत ठेव असते. ती मागण्यापूर्वी परत करायची असते, कारण ठेवीदाराला बोलता येत नाही. कोंबडीला ८ तास मिळतात, कारण नाही दिले तर अंडी बिघडतात. त्यात पुण्य काही नाही. पण जिथे अंडी बिघडत नाहीत तिथेही जो माणूस दिवा मालवतो, तो मला नीतिमान वाटतो. घराच्या मागल्या जांभळीखाली तात्या तेवढे नीतिमान आहेत, आणि हप्ता नसता तर शेडमध्येही झाले असते की नाही, हे विचारण्याचा अधिकार हप्ता गोळा करणाऱ्यांना नाही.

माझ्यापुरतं मी दोन गोष्टी करतो. हिवाळ्यात अंडं महागलं की दुकानदाराशी घासाघीस करत नाही. पहाटे चारच्या ड्यूटीचं ते ओव्हरटाइम समजतो. आणि घरात रात्री साडेदहाला मी स्वतः उठून मुलीच्या खोलीतला दिवा बंद करतो. ती बारावीला आहे. पहिल्या रात्री ती म्हणाली, "बाबा, अजून एक धडा राहिलाय."

"राहू दे," मी म्हटलं. "तू कर्जात नाहीस."

तिला काही कळलं नाही. पण ती झोपली.